विश्लेषण : वासरात विकृती असल्याने गाय अडली, तर काय करावे?

गाय विताना अडली की चार माणसे जमतात आणि वासराच्या पायाला दोर बांधून ओढतात. वासरात जन्मजात विकृती असेल, तर हाच जोर गाईच्या जिवावर बेतू शकतो.

विकृती कोणत्या?

डोक्यात पाणी साठून कवटी फुगणे, पोटात पाणी होणे, सांधे आखडणे, दोन डोकी असणे हे काही प्रकार. कधी वासराचा कणा उलटा वळतो, पोट उघडे राहते आणि आतडी बाहेर असतात. तपासताना हाताला आतडी लागली, की गाईचेच गर्भाशय फाटल्याचा समज होऊ शकतो.

कधी सावध व्हावे?

पाणमोट फुटून, जोराच्या कळा येऊनही तासाभरात वासरू पुढे सरकत नसेल, तर थांबू नये. पशुवैद्यक बोलवावा किंवा 1962 या टोल फ्री क्रमांकावर फोन करावा. वाट अडलेली असताना कळा वाढवणारे ऑक्सिटोसिन परस्पर टोचल्यास गर्भाशय फाटू शकते.

उपचार काय?

आधी वासरू जिवंत आहे का आणि वाटेतून निघेल का, हे तपासतात. पाणी साठले असेल तर छेद देऊन ते काढतात. मृत वासरू तारेच्या करवतीने आतच कापून तुकड्यांनी बाहेर घेतात. वाट अरुंद असेल किंवा हात पोहोचत नसेल, तर सिझेरियन करतात. गंभीर विकृतीचे वासरू सहसा जगत नाही. त्यामुळे गाय आणि तिचे पुढचे वेत वाचवणे महत्त्वाचे. उशीर झाल्यास वासरू आत कुजते, गर्भाशयाला सूज येते आणि शस्त्रक्रियेतला धोका वाढतो.

विकृती येते कशामुळे?

आनुवंशिक दोष, गाभण काळातील विषाणुसंसर्ग किंवा विषारी वनस्पती ही कारणे असू शकतात. 2011 मध्ये जर्मनीत आढळलेल्या श्मालेनबर्ग विषाणूमुळे युरोपात विकृत कोकरे व वासरे जन्मली. होल्स्टिन गाईंमधील मणक्यांचा एक आनुवंशिक दोष ‘कार्लिन-एम आयव्हनहो बेल’ या अमेरिकी वळूच्या रेतनातून अनेक देशांत पसरला.

पुढे काय करावे?

वार पडली का, ताप आहे का, हे पाहावे. एका वासरावरून वळू दोषी ठरत नाही. मात्र रेताच्या कांडीवरील वळूचा क्रमांक जपून ठेवावा आणि विकृतीची माहिती पशुवैद्यकाला द्यावी. कारण स्पष्ट होईपर्यंत त्या गाईला त्याच वळूचे रेतन टाळावे.