शाळांच्या छपरांची दप्तरी नोंद हवी

सुरतच्या सरथाणा भागातील तक्षशिला संकुलात २४ मे २०१९ रोजी आग लागली आणि २२ विद्यार्थी प्राणास मुकले. त्यानंतर शहरभर शिकवणीवर्गांच्या तपासण्या झाल्या, कित्येकांना टाळी लागली. संकट डोळ्यांना दिसले म्हणून शासनयंत्रणा हलली. परंतु ज्या संकटाला ना ज्वाळा ना धूर, त्याच्या तपासणीची जबाबदारी कोणाची? शाळांच्या छपरांवरील ॲस्बेस्टॉसमिश्रित सिमेंटच्या पत्र्यांबाबत हा प्रश्न विचारणे आता अगत्याचे झाले आहे.

पर्वत पाटिया, लिंबायत, डिंडोली या सुरतच्या पूर्वभागात खानदेशातून पोटापाण्यासाठी आलेली असंख्य मराठी कुटुंबे वसली आहेत. महापालिकेच्या मराठी शाळा हा त्यांच्या मुलांचा मोठा आधार. अशा कष्टकरी वस्त्यांत स्वस्त आणि टिकाऊ म्हणून सिमेंटचा पत्रा सर्रास वापरला गेला. धड पत्र्यापासून धोका अल्प असतो, हे खरे. पण तो फुटला, त्याला भोके पाडली वा ऊनपावसाने तो झिजला, की त्यातील सूक्ष्म तंतू हवेत मिसळतात आणि श्वासावाटे फुप्फुसांत जाऊन बसतात. त्यातून उद्भवणारा कर्करोग बहुधा वीस ते चाळीस वर्षांनी प्रकट होतो. दहा वर्षांचे मूल पन्नाशीला पोचेपर्यंत मुख्याध्यापक, ठेकेदार, अधिकारी सारेच बदललेले असतात. मग दाद मागावयाची कोणाकडे?

हा विलंब कायद्याला ठाऊक नाही असे नव्हे. अहमदाबादच्या ग्राहक शिक्षण व संशोधन केंद्राच्या याचिकेवर २७ जानेवारी १९९५ रोजी निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी चाळीस वर्षे जपण्याचा आदेश दिला. कामगाराला जे संरक्षण कागदावर तरी लाभले, ते विद्यार्थ्याला नाही. अमेरिकेत १९८६ च्या कायद्यान्वये शाळांना इमारतीतील अशा साहित्याची नोंद ठेवावी लागते, दर तीन वर्षांनी फेरतपासणी करावी लागते आणि ती नोंद पालकांना पाहता येते. केरळच्या मानवी हक्क आयोगाने तर २००९ मध्येच शाळांवरील असे पत्रे टप्प्याटप्प्याने बदलण्यास सांगितले होते.

उद्यापासूनच हातोडे चालवा, असे आम्ही म्हणत नाही. बेफिकिरीने फोडलेला पत्रा धड पत्र्याहून अधिक घातक. आणि तो फोडणारा मजूर बहुधा त्याच वस्तीतील एखाद्या विद्यार्थ्याचा बाप असतो. प्रथम नोंद, मग नियमित पाहणी, आणि ज्या पत्र्यांची अवस्था वाईट ते सुटीच्या काळात, ओले करून, न फोडता उतरविणे, हाच क्रम योग्य होय. सुरत महापालिका आणि तिची नगर प्राथमिक शिक्षण समिती यांनी आपल्या शाळांची अशी नोंद करून ती प्रत्येक शाळेच्या फलकावर लावावी. खाजगी शाळांवरही राज्य शासनाने तीच सक्ती करावी. सरथाण्याची तपासणी बावीस मुले गेल्यावर झाली. ही तरी त्याआधी व्हावी.