मनाई आदेश नकाशावर आणा

डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर शेत हिरव्या क्षेत्रात दिसते. ड्रोनला यूआयएन म्हणजे ओळख क्रमांक आहे, चालकाकडे रिमोट पायलट प्रमाणपत्र आहे, विम्याची मुदत संपलेली नाही, विमानतळ कोसो दूर आहे. तरीही सोयाबीनवरची फवारणी अर्ध्यावर थांबते आणि ड्रोन पोलीस ठाण्यात मुद्देमाल म्हणून जमा होतो, कारण जिल्ह्यात ड्रोनबंदीचा मनाई आदेश लागू असतो आणि चालकाला त्याची कल्पना नसते. गेल्या काही महिन्यांत आमच्याकडे आलेल्या वाचकपत्रांतली सर्वाधिक पत्रे या एकाच तक्रारीची आहेत. कोणी गावठाणाच्या मोजणीत अडकला, कोणी धरणाच्या पाहणीत, कोणी लग्नाच्या चित्रीकरणात. म्हणून या अंकात ड्रोनवरचा जीएसटी पाच टक्क्यांवर आल्याचा आनंद बाजूला ठेवून याच विषयावर लिहीत आहोत.

ड्रोन नियम २०२१ मधला नियम २४ आपल्यातल्या अनेकांनीही नीट वाचलेला नाही. एखाद्या भागात तातडीने उड्डाणे थांबवायची असतील, तर राज्य सरकार किंवा पोलीस यंत्रणा तिथे तात्पुरते लाल क्षेत्र जाहीर करू शकते. त्याची मुदत एका वेळी जास्तीत जास्त ९६ तास. ते जाहीर करणारा अधिकारी पोलीस अधीक्षक किंवा समकक्ष दर्जाच्या खालचा नको. क्षेत्र गरजेपुरते, शक्य तितके लहान ठेवायचे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ते डिजिटल स्कायवर अधिसूचित करून नकाशावर दाखवायचे. उड्डाणापूर्वी नकाशा तपासण्याचे बंधन आपल्यावर याच नियमांनी घातले आहे. आपण नकाशा पाहायचा आणि पोलिसांनी त्यात नोंद करायची, अशी ही सरळ व्यवस्था आहे.

प्रत्यक्षात काय होते? पूर्वीच्या कलम १४४ चे, म्हणजे आताच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ चे आदेश निघतात. ड्रोन, पॅराग्लायडर, हॉट एअर बलून अशी ठरलेली यादी, हद्द म्हणून सबंध शहर किंवा सबंध जिल्हा, मुदत तीस दिवस किंवा त्याहून जास्त. ती संपत आली की तोच मजकूर नव्या तारखेने पुन्हा येतो. आदेश कार्यालयाच्या फलकावर लागतो, वृत्तपत्रात चार ओळी येतात. नकाशा मात्र हिरवाच राहतो. परजिल्ह्यातून कामाला आलेल्या चालकाने तो फलक कुठे जाऊन वाचायचा?

कलम १६३ चा अधिकार कोणी नाकारत नाही. २०२४ च्या पावसाळ्यात पुणे, बीड, अहमदनगर जिल्ह्यांतल्या गावांवर रात्री ड्रोन घिरट्या घालू लागले तेव्हा लोक काठ्या घेऊन जागत होते. ती भीती खरी होती आणि पोलिसांना काहीतरी करणे भाग होते. पण सर्वोच्च न्यायालयाने अनुराधा भसीन प्रकरणात १० जानेवारी २०२० रोजी स्पष्ट सांगितले आहे की असे आदेश प्रसिद्ध झाले पाहिजेत आणि तेच ते आदेश पुन्हा पुन्हा काढणे हा अधिकाराचा गैरवापर ठरतो. रात्री टेहळणी करणाऱ्याला पकडायचे म्हणून दिवसाढवळ्या, क्रमांक लावलेल्या ड्रोनने तुरीवर फवारणी करणाऱ्याला थांबवण्यात कोणती सुरक्षा साधते?

आदेशात ‘पूर्वपरवानगी घेऊन’ असे शब्द असतात, हे खरे. ती परवानगी मिळवायची कशी ते आता पाहा. अर्ज ठाण्यात द्यायचा, तिथून तो उपविभागाकडे, तिथून अधीक्षक कार्यालयाच्या विशेष शाखेकडे आणि मग त्याच वाटेने परत. तोवर शेंगा पोखरणारी अळी थांबत नाही. मोजणीचे काम असेल तर ढग भरून येतात आणि ऑर्थोमोझॅकचा दिवस हातचा जातो. एका वाचकाला परवानगीचे पत्र मिळाले ते पीक काढून झाल्यावर. दुसऱ्याचा ड्रोन न्यायालयातून सुपूर्दनाम्यावर सुटला, पण पूर्ण चार्ज असलेल्या लिपो बॅटऱ्या बंद खोलीत तशाच पडून फुगल्या होत्या. बॅटरी साठवताना सेलमागे ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवावी लागते, फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते, हे मुद्देमाल कारकुनाला कोणीच सांगितलेले नाही. हा नुकसानीइतकाच ठाण्याच्या सुरक्षेचाही प्रश्न आहे आणि पोलीस प्रशिक्षणात त्याचा समावेश तातडीने व्हायला हवा.

नियम बदलत राहतात याची आपल्याला सवय आहे. २०१४ ची सरसकट बंदी, २०१८ चे ‘परवानगी नाही तर उड्डाण नाही’, पाच महिन्यांत रद्द झालेले मार्च २०२१ चे नियम, परवान्याच्या जागी प्रमाणपत्र आणणारी २०२२ ची दुरुस्ती, पासपोर्टची अट काढणारी २०२३ ची दुरुस्ती, हे सगळे आपण पचवले. दिल्लीने पंचवीस अर्जांचे पाच केले. त्या सुटसुटीतपणाचा उपयोग तालुक्याच्या ठाण्यात शून्य आहे, कारण तिथे नियमांची प्रतच पोचलेली नाही. आता १६ सप्टेंबर २०२५ ला नागरी ड्रोन विधेयकाचा मसुदा आला. सूचनांसाठी आधी दिलेली मुदत जेमतेम दोन आठवड्यांची, ३० सप्टेंबरची. मसुद्यात पोलिसांना जप्तीचे अधिकार आहेत आणि काही गुन्ह्यांना तीन वर्षांपर्यंत कैद आहे. हिरवे आणि पिवळे क्षेत्र यांतला फरक ज्या यंत्रणेला आज ठाऊक नाही, तिच्या हाती हे अधिकार प्रशिक्षणाशिवाय देणे धोक्याचे आहे. नियम २४ मधली मुदत, अधिकाऱ्याचा दर्जा आणि नकाशावरची नोंद या तिन्ही अटी कायद्यातच घातल्या पाहिजेत.

आता आपल्याच मंडळींविषयी. फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी असताना चोरवाटेने आलेली यंत्रे अजूनही लग्नांत उडतात. त्यांना यूआयएन नसतो, विमा नसतो, वरातीच्या डोक्यावर पंखे फिरत असतात. ‘कोण विचारतो?’ असे म्हणणारे व्यावसायिक आमच्या वर्गणीदारांतही आहेत. त्यांच्यामुळे प्रत्येक ठाणे अंमलदार प्रत्येक चालकाकडे संशयाने पाहतो आणि नियम पाळणाऱ्याची बाजू लंगडी पडते. अशांनी या महिन्यातच ते यंत्र खाली ठेवावे. त्यांची वकिली हे मासिक करणार नाही.

बाकीच्यांनी एक काम करावे, आणि ते याच महिन्यात करावे. आपल्या जिल्ह्यात गेल्या वर्षभरात निघालेल्या प्रत्येक ड्रोनबंदी आदेशाची प्रत मिळवा. जावक क्रमांक, तारीख, मुदत आणि हद्द नीट दिसली पाहिजे. त्याच तारखेचा डिजिटल स्काय नकाशाचा स्क्रीनशॉट कोणी जपून ठेवला असेल तर तो सोबत जोडा. ज्यांनी ठेवला नसेल त्यांनी आजपासून प्रत्येक उड्डाणापूर्वी ठेवायला सुरुवात करावी. अडवले गेलात तर वाद घालू नका, ड्रोन उतरवा, आदेशाचा क्रमांक विचारा, पंचनाम्याची प्रत मागा आणि बॅटऱ्या डिस्चार्ज करून देण्याची विनंती लेखी नोंदवा. हे सगळे कागद महिनाअखेरपर्यंत आमच्याकडे पाठवा. जिल्हावार संच करून आम्ही ते गृह विभाग, पोलीस महासंचालक आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालय यांच्याकडे एकाच दिवशी सादर करणार आहोत. ज्या जिल्ह्यातून एकही प्रत येणार नाही, त्या जिल्ह्याचे नाव त्या निवेदनात नसेल.