विहिरीला जाळी की स्लॅब?

दिवाळी उलटली की चार दिवस बालाघाटला सासुरवाडीस जाण्याचा माझा परिपाठ आहे. यंदा गेलो तो घरात वाद चाललेला. परसातली विहीर हिवाळ्यापूर्वी नीट करावयाची, यावर सर्वांचे एकमत. ‘नीट’ म्हणजे काय, यावर मात्र नाही. थोरले मेहुणे म्हणाले, “भाऊजी, नळ आला. आता वर स्लॅब टाकून मोकळे होऊ. चार कुंड्या तरी ठेवता येतील.” सासूबाई काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी त्याच विहिरीचे ताजे पाणी माझ्या स्नानाला काढून ठेवले. जमिनीच्या पोटातले पाणी वर्षभर जवळपास सारख्याच उबेवर असते, म्हणून थंडीत ते अंगाला कोमट लागते.

आपली मुले अमेरिकेत आहेत, त्यांच्या घरी हिवाळ्यात नळ फुटतात. बर्फ होताना पाणी सुमारे ९ टक्के फुगते, त्याला लोखंडी नळीही पुरी पडत नाही. वैनगंगेच्या मुलखात ते भय नाही. येथे पावसाने आत लोटलेला गाळ असतो, आणि पुढे पानगळ यावयाची असते. तेव्हा काम एवढेच : कठड्याच्या दर्जा भरणे, भिंतीत रुजलेले पिंपळाचे रोप उपटणे, रहाटाला वंगण, दोराची तपासणी, पंपाचा फूटव्हॉल्व साफ करणे आणि तोंडावर बारीक लोखंडी जाळी. ब्लीचिंग पावडर लोक मुठीने टाकतात, ते चूक. हजार लिटरला अडीच ग्रॅम पुरे. दोन मीटर व्यासाच्या विहिरीत पाच मीटर पाणी असेल तर चाळीस ग्रॅम. पावडर बादलीत कालवावी, चुना खाली बसू द्यावा, वरचे निवळ तेवढे सोडावे आणि निदान तासभर पाणी उपसू नये.

मात्र गाळ काढावयास माणूस उतरविण्याची घाई नको. ३ एप्रिल २०२५ रोजी खंडवा जिल्ह्यातील कोंडावत गावी गणगौरीच्या विसर्जनासाठी विहीर साफ करताना आठ जण विषारी वायूने गेले. एकाला वाचवावयास दुसरा उतरतो, असाच हा घात होतो. आत दिवा सोडून पाहण्याची जुनी रीत आहे. दिवा विझला तर उतरू नये हे खरे, पण तो जळत राहिला म्हणजे सारे वायू निघून गेले असे नव्हे. झाकून ठेवलेल्या विहिरीत तर हे भय अधिकच.

आणि स्लॅबचे म्हणाल तर आम्हा इंदूरकरांना ते कोणी शिकवू नये. ३० मार्च २०२३ ची रामनवमी. बेलेश्वर महादेव मंदिरात बावडीवरचे छत कोसळून ३६ माणसे गेली. आपण बावडीवर उभे आहोत, हे त्यांतल्या किती जणांच्या ध्यानात असेल?

हे मी मेहुण्यांना ऐकविले खरे, पण माझेही हात स्वच्छ नाहीत. वडील तरुणपणी होळकर दरबारी गात. मी त्यांचा उतारवयातला मुलगा. आमच्या वाड्यातली विहीर २००९ साली मीच राडारोडा टाकून बुजविली. डास होतात, एवढेच कारण. जाळीने भागले असते. ऋतू पालटला की तंबोऱ्याची जवारी आणि विहिरीचा दोर एकाच दिवशी पाहणारा तो माणूस. त्या दिवशी त्यांनी तंबोऱ्याची गवसणी काढली नाही. मला एक शब्द बोलले नाहीत. हल्ली दर मे महिन्यात टँकरवाल्याला फोन करताना मला ती मिटलेली गवसणी दिसते.

हे सारे मी मेहुण्यांना सांगितले. ते बराच वेळ कठड्यापाशी उभे राहिले, मग म्हणाले, “जाळीवाल्याला उद्या बोलावतो. पण कुंड्यांचे काय?” सासूबाई आतून म्हणाल्या, “ओट्याखाली ठेव. सांडलेले पाणी त्यांनाच जाईल.”

सिमेंटची चार पोती मी निघालो तेव्हा पडवीतच होती. त्यांतल्या एकातून कठड्याच्या दर्जा भरून झाल्या होत्या.