वाजवा, पण स्वतःचं नको!

पियानोच्या स्पर्धांवर आपल्या त्रैमासिकात लिहायचं म्हटल्यावर गटातल्या दोघी-तिघींनी नाकं मुरडली. पाणी, रेशन, कोर्टात वर्षानुवर्षं खोळंबलेली पोटगी हे सगळं टाकून हे कसलं श्रीमंती खूळ? पण मैत्रिणींनो, बाईने दुसऱ्याचं नीटनेटकं करून दाखवावं, स्वतःचं काही मांडू नये, हा नियम आपल्याला एरवी टोमण्यांतून आणि रिवाजांतून ओळखावा लागतो. इथे तो नियमपत्रिकेत चक्क छापलेला आहे.

मी वसई भागात किशोरी गटांबरोबर काम करते. इथे चर्चच्या गायकवृंदामुळे साध्या घरांतल्या मुलीही कीबोर्ड, पियानो शिकतात. गटातल्या एका सोळा वर्षांच्या मुलीने आजीच्या तोंडच्या लग्नगीताची चाल घेऊन पियानोसाठी पाचेक मिनिटांची रचना बांधली आणि मुंबईतल्या एका स्पर्धेचा अर्ज भरला. उत्तर आलं : यादीतलंच वाजवावं, स्वतःची रचना किंवा रूपांतर चालणार नाही. सरांनी समजूत घातली, "आधी मोठ्यांचं वाजवायला शीक, मग आपलं." ती यादी मी वाचली. तीत एकही बाई नव्हती. मुलीने यादीतला एक तुकडा बसवला, उत्तेजनार्थ बक्षीस आणलं. घरी सगळे खूश. आजीची चाल वहीतच राहिली.

'परंपराच तशी आहे' असं संयोजक सांगतात. कुठली परंपरा? १७८१ साली व्हिएन्नात सम्राट दुसऱ्या जोसेफसमोर मोत्सार्ट आणि क्लेमेंटी यांचा सामना झाला, तेव्हा दोघांची पारख झाली ती स्वतःच्या रचनांवर आणि जागच्या जागी सुचलेल्या वादनावर. १८३७ साली पॅरिसमध्ये लिस्ट आणि थालबर्ग समोरासमोर आले, तेही ऑपेरातल्या सुरावटींवर स्वतः बांधलेली रूपांतरं घेऊन. (ती मैफल भरली होती एका बाईच्या, राजकन्या बेलजोयोझोच्या घरी. इतिहासात बाईकडे यजमानपण बरोबर येतं!) १८९० साली सेंट पीटर्सबर्गला सुरू झालेल्या रुबिनस्टाइन स्पर्धेत वादनाबरोबर रचनेचंही बक्षीस होतं. त्या स्पर्धेत प्रवेश फक्त पुरुषांना होता.

म्हणजे पुरुषांची आपापसात झुंज होती तेव्हा 'स्वतःचं' हीच कसोटी होती. कोणी बसून कट केला असं मी म्हणत नाही. पण आज बायका बरोबरीने स्पर्धेत उतरतात तेव्हा कसोटी उरली आहे ती मेलेल्या पुरुषांचं किती चोख वाजवता याची. आणि तिथेही बक्षीस सहज मिळालं असं नाही. इंग्लंडमधली लीड्सची स्पर्धा १९६३ साली फॅनी वॉटरमन या बाईने पुढाकार घेऊन सुरू केली. तिथे पहिलं बक्षीस बाईला मिळायला २००९ साल उजाडलं. मॉस्कोच्या चायकोव्स्की स्पर्धेत पियानोचं पहिलं बक्षीस १९५८पासून पुरुषच नेत होते, ते २००२ साली पहिल्यांदा बाईकडे गेलं.

यादीत बायका का नाहीत, याला उत्तर मिळतं : 'बायकांनी तेवढं रचलंच नाही.' क्लारा शूमानने १८३५ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, स्वतः रचलेला कंचेर्टो लाइपझिगला ऑर्केस्ट्राबरोबर वाजवला. पुढे लग्न, आठ बाळंतपणं. नवरा लिहीत असताना हिचा पियानो बंद. नवरा गेल्यावर मुलं जगवायला ती गावोगाव वाजवत फिरली. रचणं मात्र जवळजवळ थांबलं. फॅनी मेंडेल्सोनला तर बापाने १८२० सालीच पत्रातून बजावलं होतं की संगीत भावाचा व्यवसाय होईल, तुझ्यासाठी तो दागिनाच राहील. तिची सहा गाणी भाऊ फेलिक्सच्या नावावर छापली गेली. तिने १८२८ साली लिहिलेला 'ईस्टर सोनाटा' विसाव्या शतकात सापडला, तो भावाचा मानून त्याचं ध्वनिमुद्रणही झालं. तो फॅनीचाच आहे हे सिद्ध झालं २०१० साली!

दागिना हा शब्द आपल्याला परका नाही. मुलगी पाहायला मंडळी आली की पेटी काढून दोन पदं म्हणायला लावत, ती कशासाठी? आणि जात्यावर ओव्या रचणाऱ्या बाईला 'ही रचना कुणाची?' असं कुणी कधी विचारलं?

आक्षेप एकच जरा विचार करण्यासारखा आहे. सगळ्यांनी तेच वाजवलं तर तुलना सोपी जाते. प्रत्येकीचं वेगळं असेल तर गुण द्यायचे कसे? मला हा परीक्षकांच्या सोयीचा प्रश्न वाटतो. निबंधस्पर्धेत प्रत्येकीचा निबंध वेगळाच असतो, तरी गुण पडतातच ना? स्वरलिपी आधी मागवून घ्या. एका फेरीत दहा मिनिटं स्वतःच्या रचनेला ठेवा, बाकीच्या फेऱ्यांत बाख-बेथोव्हेन खुशाल तपासा. लोकगीताचं रूपांतर असेल तर कुणाकडून ऐकलं ते नाव कार्यक्रमपत्रिकेत छापा. हयात संगीतकाराची रचना घेतली तर परवानगी हवी, हे उघडच आहे.

आणि हे अशक्य नाही. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या ज्या पियानो परीक्षांना आपल्याकडच्या मुली बसतात, तिथे नेमलेल्या तुकड्यांपैकी एकाच्या जागी स्वतःची रचना वाजवायला मुभा आहे. आमच्या गटातल्या एकाही मुलीला तिच्या शिक्षकांनी हे सांगितलेलं नव्हतं.

मुंबईच्या त्या स्पर्धेच्या संयोजकांना लिहायच्या पत्राचा मसुदा मी येत्या बैठकीत ठेवते आहे. ज्यांच्या घरी-शेजारी वाद्य शिकणाऱ्या मुली आहेत, त्यांनी पियानो, पेटी, सतार काहीही असो, त्या त्या स्पर्धेची नियमपत्रिका बरोबर आणावी. सह्या मुलींच्याही घ्यायच्या आहेत.