हमी आणि आळस

कल्याणकारी योजनांमुळे मजूर गाव सोडून कामावर यायला राजी नाहीत, अशी खंत लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रमण्यन यांनी फेब्रुवारी 2025 मध्ये चेन्नईत व्यक्त केली आणि समाज संतापला. संताप अनाठायी नव्हता. या गृहस्थांचे 2023-24 चे वेतन सुमारे 51 कोटी रुपये. आदल्याच महिन्यात आठवड्याला 90 तास कामाचे त्यांचे प्रवचनही गाजले होते.

याच कंपनीच्या पवईतील आवारापासून आरे कॉलनी दूर नाही. तेथील वारली पाडे महापालिका हद्दीत मोडतात. रोजगार हमी मात्र ग्रामीण भागासाठी. म्हणजे ज्या योजनेने मजूर सुस्तावला म्हणायचे, ती या पाड्यांच्या वाट्याला आलेलीच नाही!

वि. स. पागे यांच्या कल्पनेतील या योजनेने 1972 च्या दुष्काळात महाराष्ट्राची माणसे जगवली. तिच्या खर्चासाठीच 1975 मध्ये व्यवसाय कर आला. त्याची कमाल मर्यादा वर्षाला 2500 रुपये. तीस हजारांचा कारकून आणि कोट्यवधींचा अध्यक्ष, दोघांच्याही पावतीवर आकडा तोच. योजनांना गळती आहे, हे मान्यच. पण मजूर येत नसतील तर मजुरीचा दर आणि पत्र्याच्या खोलीतील मुक्काम आधी तपासावा.