दोरखंड नको, दवाखाना हवा

शेतीच्या पानावर मनाच्या आजाराचा विषय कशाला, असं तुम्ही म्हणाल. पण पाम, बोईसर, तारापूर भागात पिकाची चौकशी करताना घरची दुखणीही कानावर येतात. धडधाकट माणूस अचानक बिथरतो, अंगावर धावून जातो, कोयता उचलतो. मग चौघं मिळून त्याला बांधतात. कुणी भगत गाठतं, कुणी जीप करून घोडबंदरमार्गे थेट ठाण्याचं मनोरुग्णालय. १९०१ सालचं ते रुग्णालय आपला मोठा आधार आहे. पण तिथवर माणूस दोरखंडातच न्यायचा, हे काही बरोबर नाही.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ पाहा. त्याच्या ९४ व्या कलमानुसार जीवाला किंवा इतरांना धोका असेल, तर कोणताही नोंदणीकृत डॉक्टर तातडीचा उपचार करू शकतो. रुग्णाचा नेमलेला प्रतिनिधी हजर असल्यास त्याची संमती घ्यायची. मुदत जास्तीत जास्त ७२ तास. साखळदंडाला तर ९५ व्या कलमानं पूर्ण बंदी आहे. म्हणजे पहिला उपचार जवळच्या सरकारी दवाखान्यातही होऊ शकतो.

हा उपचार म्हणजे काय? आधी शांतपणे बोलणं, मग गोळी देऊन पाहणं, आणि ऐकतच नसेल तर इंजेक्शन. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजनं २०० रुग्णांवर केलेला अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना लोराझेपाम दिलं, निम्म्यांना हॅलोपेरिडॉल आणि प्रोमेथाझिन एकत्र. चार तासांनी दोन्हीकडचे शेकडा ९६ रुग्ण शांत किंवा झोपलेले होते. ही औषधं जुनी आहेत, महागही नाहीत.

मात्र फवारणीसारखंच इथंही आहे, प्रमाण आणि देखरेख चुकली तर औषधच बाधतं. नुसत्या हॅलोपेरिडॉलनं कधी मान वाकडी होते, डोळे वर चढतात. प्रोमेथाझिन जोडीला देतात ते त्यासाठीच. असं झालं तर ‘वारं आलं’ म्हणून घाबरू नका, डॉक्टरांना सांगा; त्यावर उतारा आहे. दारू प्यायलेल्या माणसाला लोराझेपाम दिलं तर श्वास मंदावू शकतो. म्हणून इंजेक्शननंतर नाडी, श्वास, रक्तदाब वरचेवर बघायलाच हवा. माणूस झोपला म्हणजे काम झालं, असं नव्हे.

घरच्यांचंही काम आहे, बरं का. रोजची दारू एकदम सोडली की दोन-तीन दिवसांत माणूस थरथरतो, नसलेलं दिसू लागतं. ताप, डोक्याला मार, साखर उतरणं, कीटकनाशकाची बाधा यांनीही माणूस बरळतो. तेव्हा डॉक्टरांपासून काही लपवू नका. फवारणी केली असेल तर डबा लेबलासकट सोबत न्या.

आपल्या ग्रामीण रुग्णालयांत ही इंजेक्शनं आणि रुग्णाजवळ बसणारा शिकलेला माणूस रात्रंदिवस असला पाहिजे. पालघर जिल्हा २०१४ साली झाला. वेगळ्या जिल्ह्याकडून एवढी अपेक्षा जास्त नाही. ग्रामसभेत हा ठराव मांडा. इंजेक्शन हा कायमचा इलाज नव्हे. पुढचे उपचार चालू ठेवावेच लागतात. सल्ल्यासाठी १४४१६ हा टेलि-मानसचा क्रमांक आहे, रुग्णवाहिकेसाठी १०८. दोन्ही क्रमांक भिंतीवर लिहून ठेवा.