‘घरचंच आहे, डॉक्टर!’

गेल्या महिन्यात एक निवृत्त मुख्याध्यापक तपासणीसाठी आले. वय 66, मधुमेह 11 वर्षांचा. गोळ्या वेळेवर, सकाळचे चालणे नियमित, चहा बिनसाखरेचा. असा शिस्तीचा रुग्ण डॉक्टरला क्वचितच लाभतो. पण तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा, म्हणजे एचबीएवनसीचा आकडा 7.2 वरून 8.6 वर गेलेला. मी विचारले, "सर, खाण्यात काही बदल?" ते ठामपणे म्हणाले, "बदल केला तो चांगलाच केला. तुम्ही सांगितलंत तशी विकतची बिस्किटं बंद केली. आता सूनबाई घरीच कुकीज करते. चॉकलेट, चेरी आणि बटर घालून. भेसळ नाही, काही नाही. घरचंच आहे, डॉक्टर!"

किती खाता, असे विचारल्यावर हिशेब निघाला : सकाळी चहाबरोबर दोन, दुपारी चार वाजता दोन, रात्री दुधाबरोबर एक.

सोबत आलेल्या बाईंनी लगेच निकाल दिला, "मी केव्हाची म्हणतेय, तो ओव्हन बंद करा म्हणून." सून बाहेर बाकावर बसली होती. तिला ते ऐकू गेले असावे. खरे सांगायचे तर दोष तिचा नव्हता, सरांचाही नव्हता. दोष माझा होता. गेली पंचवीस वर्षे मी प्रत्येक रुग्णाला "बाहेरचं बंद, घरचं खा" हे एकच वाक्य सांगत आलो. वाक्य सोपे आहे, रुग्णाला पटते, डॉक्टरचा वेळही वाचतो. पण ते अर्धवट आहे.

मी सूनबाईंना आत बोलावले आणि त्यांचे प्रमाण एका कागदावर लिहून घेतले. मैदा 200 ग्रॅम, बटर 125 ग्रॅम, साखर 150 ग्रॅम, कोको पावडर 30 ग्रॅम, चॉकलेटचे तुकडे 100 ग्रॅम, साखरेच्या पाकातल्या चेरी 100 ग्रॅम. यात 24 कुकीज होतात. त्यांनी सगळे वजनकाट्यावर मोजलेले होते, हे मला फार आवडले. आता हिशेब पाहा. साखर नुसती 150 ग्रॅम नाही. चेरीत आणि चॉकलेटमध्ये मिळून आणखी शंभरेक ग्रॅम साखर लपलेली असते. म्हणजे एका कुकीत दोन चहाचे चमचे साखर झाली. स्निग्ध पदार्थ सुमारे 6 ग्रॅम, उष्मांक सुमारे 130. सरांच्या पाच कुकीज म्हणजे 650 उष्मांक, सहा-सात फुलक्यांइतके, आणि दहा-अकरा चमचे साखर. चहातली साखर सोडलेल्या माणसाने ती बशीतून परत आणली होती!

तरीही ओव्हन बंद करायला मी सांगितले नाही. त्याला कारण आहे.

आमच्या लहानपणी मे महिन्यात आई डब्यात मैदा, साखर आणि वनस्पती तूप भरून आम्हाला बेकरीत पाठवी. भट्टीशेजारी उकाड्यात आपला नंबर येईपर्यंत बसायचे आणि पत्र्यावर भाजलेली नानकटाई डबा भरून घरी आणायची. तिचा वास अजून आठवतो. पण त्या वनस्पती तुपातली ट्रान्स फॅट वाईट कोलेस्टेरॉल वाढवते आणि चांगले कमी करते, हे तेव्हा घरात कोणाच्या गावी नव्हते. पुढे अन्नसुरक्षा प्राधिकरणाने तेल-तुपातील ट्रान्स फॅटची मर्यादा 2021 मध्ये 3 टक्क्यांवर आणि जानेवारी 2022 पासून 2 टक्क्यांवर आणली. हे फार चांगले झाले. पण लेबल नसलेल्या डब्यातून सुटी आलेली चरबी कोण तपासणार? घरी करणारीला निदान आपण काय घालतो ते ठाऊक असते. पाव किलोच्या आसपास साखर स्वतःच्या डोळ्यांसमोर पातेल्यात पडताना पाहणे, हेही एक आरोग्यशिक्षणच आहे. विकतच्या पुड्यात ती दिसत नाही.

मात्र ‘घरचे’ म्हटले तरी चॉकलेट आणि चेरी दुकानातूनच येतात. स्वस्त लादीवर ‘कंपाउंड’ असे लिहिलेले असते. त्यात कोकोच्या लोण्याऐवजी दुसरे वनस्पतिजन्य स्निग्ध घातलेले असते. पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात. साखर पहिली असेल तर तो माल मुख्यतः साखरेचाच समजावा. कोको हृदयाला चांगला, असे वाचून काही जण कुकी औषधासारखी खातात. कोकोत उपयुक्त द्रव्ये आहेत खरी, पण तीस ग्रॅम कोकोसाठी अडीचशे ग्रॅम साखर खाणे हा कुठला व्यवहार?

चेरीची गंमत तर निराळीच. आपल्या भागात किराणा दुकानात मिळणारी लालभडक चेरी पुष्कळदा चेरी नसतेच. ते आपले करवंद असते! कच्चे करवंद बी काढून पाकात मुरवतात आणि लाल रंग देतात. खरी चेरी काश्मीर-हिमाचलची, मे ते जुलैमध्ये येणारी. उन्हाळ्यात घाटात पानाच्या द्रोणात करवंदे विकणाऱ्या बाईकडे आपण घासाघीस करतो आणि तेच फळ ‘चेरी’ होऊन आले की मुकाट पैसे मोजतो. अशा चेरीत वापरल्या जाणाऱ्या एरिथ्रोसिन या रंगाची परवानगी अमेरिकेने जानेवारी 2025 मध्ये काढून घेतली. आपल्याकडे तो ठरावीक मर्यादेत चालतो. ही बातमी वाचून काही जण घाबरून आले होते. मी त्यांना सांगितले, रंगापेक्षा त्या चेरीतल्या पाकाची काळजी करा. कोमट पाण्यात दोनदा धुतली तर थोडा पाक आणि थोडा रंग निघून जातो. नाहीतर तासगावच्या काळ्या मनुका चिरून घालाव्यात. त्याही गोडच, पण आंबटपणा असतो आणि रंग लागत नाही.

साखर 150 वरून 100 ग्रॅमवर आणली तरी कुकी बिघडत नाही, कारण चॉकलेट गोड असतेच. सूनबाईंनी करून पाहिले, घरात कोणाला कळलेही नाही. साखरेऐवजी गूळ घातला म्हणजे मधुमेहाला चालते, हा समज मात्र काढून टाकावा. गूळही रक्तात जाऊन साखरच होतो. मैद्याऐवजी कणीक घातल्याने थोडा कोंडा मिळतो, त्यापलीकडे फार फरक पडत नाही.

दोन गोष्टी ओघात सांगून टाकतो. भांड्याला लागलेले कच्चे पीठ मुलांना चाटायला देऊ नये. कच्च्या अंड्याप्रमाणेच कच्च्या पिठातूनही जुलाबाचे जंतू पोटात जाऊ शकतात. आणि मधुमेहाच्या रुग्णाला औषधामुळे साखर एकदम उतरून घाम, थरथर सुटली, तर त्याच्या हातात चॉकलेटची कुकी देऊ नये. तिच्यातल्या स्निग्धामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. अशा वेळी तो शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात घालून द्यावे. बेशुद्ध असेल तर तोंडातून काहीही न देता दवाखाना गाठावा.

सरांच्या घरी आता असे ठरले आहे. कुकीज पंधरा दिवसांतून एकदा, त्याच पिठाच्या चोवीसऐवजी चाळीस. निम्म्या त्याच दिवशी शेजारी आणि सुनेच्या शाळेत वाटून टाकायच्या. डबा सरांच्या हाताला लागणार नाही अशा फळीवर. सरांना रविवारी जेवणानंतर एक, आणि त्या दिवशी भात अर्धी वाटी कमी. रात्रीच्या दुधाबरोबरची कायमची बंद. सर म्हणाले, "एक म्हणजे अगदीच एक?" मी म्हटले, "एकच, सर. आणि या वेळी मोजायला मी नाही, बाई आहेत."

बाईंचे मत अजूनही ओव्हन विकून टाकावा असेच आहे. सून यावर काही बोलली नाही, पण जाताना माझ्या टेबलावर एक छोटा डबा ठेवून गेली. मी त्यातली एक खाल्ली, बाकीच्या कंपाउंडरला दिल्या. सरांची पुढची तपासणी तीन महिन्यांनी आहे.